अंगणवाडीत नाव घालताना गाडी अडते कुठे

नातवाला अंगणवाडीत घालायला उत्पन्नाचा दाखला लागतो, असं कोणीतरी सांगितलं म्हणून एक आजी गेल्या जूनमध्ये दोन दिवसांची मजुरी बुडवून तहसीलच्या व्हरांड्यात बसून होती. कडेवर पोरगं, पिशवीत रेशनकार्ड, सातबारा, लाइटबिल आणि मेलेल्या नवऱ्याचं मतदान ओळखपत्रसुद्धा. मी तिथेच अर्ज भरून देत बसते, म्हणून विचारलं. यातला एकही कागद लागत नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. सरकारी काम आणि कागद नाही, असं कसं होईल?

पण तसंच आहे. अंगणवाडीला उत्पन्नाची अट नाही, जातीची नाही, रेशनकार्ड पिवळं की केशरी याचीही नाही. दारिद्र्यरेषेची अट लावायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितलंय. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्कच झाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचे काही तास तिथे बसवतात, खेळ, गाणी, गोष्टी आणि गरम जेवण. फी नाही. सकाळी मुलाला घेऊन सेविकाताईंकडे जा, जन्मतारीख सांगा. त्या वजन-उंची घेऊन नाव लिहितात. काम संपलं.

आजीचा गोंधळ झाला होता आरटीईशी, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या प्रवेशाशी. खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागांचा तो अर्ज वेगळा, ऑनलाइन आणि मुदतीचा. दुर्बल घटकातून भरला तर त्यालाच १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. गावात दोन्ही गोष्टी ‘पोराची ॲडमिशन’ म्हणूनच ओळखल्या जातात, त्यामुळे एकाचे कागद दुसऱ्याच्या माथी बसतात.

आता जिथे खरंच अडतं ते सांगते.

पहिलं म्हणजे आधार. मुलाचं आधार नाही म्हणून परत पाठवलं, असं सांगणाऱ्या आया मला दर महिन्याला भेटतात. मुलाचं आधार सक्तीचं नाही. पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपमध्ये सेविका नोंद करते, तिथे आईच्या आधारवर काम होतं. खरी अडचण आईच्याच आधारची. त्यावर नाव माहेरचं, पत्ता माहेरचा आणि मोबाइल नंबर नवऱ्याचा. नवरा वावरात किंवा पुण्याला कामावर. इकडे ओटीपी त्याच्या फोनवर येतो आणि तो उचलेपर्यंत बाद होतो. म्हणून त्याला आधी सांगून ठेवा, किंवा आईचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या. हे काम पोरगं तीन वर्षांचं व्हायची वाट न पाहता आधीच उरकावं.

याच ॲपची दुसरी गंमत. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा गरोदर बाई म्हणून नाव तिकडच्या अंगणवाडीत चढलेलं असतं. सासरी आल्यावर इथल्या ताई नोंदवायला जातात तर ॲप सांगतं, नाव आधीच आहे. मग ताई म्हणतात तिकडून काढून आणा, तिकडच्या म्हणतात आम्हाला काही माहीत नाही. नाव काढायचं नसतं, हलवायचं असतं. दोन्ही ताईंना एकमेकींचा फोन नंबर द्या आणि बोलायला लावा. तुम्ही एसटीने फेऱ्या मारू नका. चंद्रपूर, गडचिरोलीकडून मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांनीही निघायच्या आधी ताईंना सांगून जावं. स्थलांतराची नोंद त्याच ॲपमध्ये होते.

दुसरं, जन्माचा दाखला. अंगणवाडीला तो नसला तरी चालतो, आणि म्हणूनच लोक निवांत राहतात. पण १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालणार आहे. कायदा बदललाय. ही पोरं आता अंगणवाडीच्या वयाची होऊ लागलीत, म्हणजे हातात वेळ आहे तो आत्ताच.

दाखला काढून पाहा आणि नावाचा रकाना बघा. दहापैकी तीन-चार घरांत तो कोराच असतो. नोंद दवाखान्यात जन्मावेळी झाली, बारसं झालं नंतर, आणि नाव कळवायला परत कोण जातंय! नाव बारा महिन्यांत कळवलं तर फुकट चढतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र ते चढतं जन्म जिथे नोंदला गेला तिथेच. बाळंतपण माहेरच्या तालुक्यात झालं असेल तर सासरच्या ग्रामसेवकाकडे कितीही चकरा मारल्या तरी उपयोग नाही. त्यांच्या वहीत तुमचं पोरगंच नाही. पोळ्याला माहेरी जाल तेव्हा हे काम करून या.

घरी झालेल्या बाळंतपणाची नोंदच नसेल तर जास्त त्रास आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते. वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तिथे घाई करून दलालाला पैसे देऊ नका. आशाताईंच्या नोंदी आणि लसीकरणाचं कार्ड सांभाळून ठेवा, तेच कामी येतात.

तिसरी, तारीख. अंगणवाडीला जून नसतो. मुलाला तीन वर्षं पूर्ण झाली की त्या दिवसापासून तो बसू शकतो, मग दिवाळी असो की होळी. ‘आता पुढच्या वर्षी या’ हे उत्तर चुकीचं आहे. ३१ डिसेंबरचा हिशेब शाळेचा आणि कॉन्व्हेंटचा. त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत नर्सरीला तीन आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे ४ जानेवारी २०२४ ला जन्मलेली पोरगी जून २०२६ मध्ये नर्सरीत बसत नाही, पण ४ जानेवारी २०२७ पासून अंगणवाडीत बसते. तारीख मागेपुढे करून आणा, असं सुचवणारे सापडतील. ऐकू नका. दहावीच्या वेळी तीच तारीख रडवते.

‘तिथे काय शिकवतात, नुसतं खेळवतात’ ही तक्रार कॉन्व्हेंटवाल्या घरांतून येते. तीन वर्षांच्या पोराकडून एबीसीडी गिरवून घेणाऱ्या शाळेला लोक हजारो रुपये देतात आणि खेळ फुकट मिळतो म्हणून नाक मुरडतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये आणलेला ‘आधारशिला’ अभ्यासक्रम खेळावरच बेतलाय. आमच्या गावात मागे ताईंनी तूर आणि वाल एका परातीत मिसळून दिले होते. चार वर्षांची पोरगी जीभ बाहेर काढून एकेक दाणा वेगळा करत होती. पेन्सिल धरायची बोटं अशीच तयार होतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन रांगेत चालणं हाही धडाच. अंगणवाडी बंद असेल, ताई महिनाभर मीटिंगांमध्येच असतील, तर तक्रार जरूर करा. पण खेळतात म्हणून तक्रार करू नका.

पोडावर किंवा बेड्यावर, म्हणजे आदिवासी-भटक्यांच्या वस्तीवर, अंगणवाडीच नसेल तर? सहा वर्षांखालची ४० मुलं असलेल्या वस्तीला मागणी केल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. मुलांची नावं आणि जन्मतारखा लिहा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या. नाव घ्यायला नकार मिळाला तर आधी पर्यवेक्षिकेकडे आणि मग याच कार्यालयात जायचं. ‘बघतो’ ऐकून परत येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. शिक्का सापडत नाही म्हणाले तर सही आणि तारीख पुरते.