काट्याला रस्ता दिसत नाही

गाडी तीच, रूट तोच, ड्रायव्हरही तोच. मागचे टायर तेवढे बदलले आणि अ‍ॅव्हरेज पडलं. मालक वही उघडून बसतो, ड्रायव्हर पोराबाळांच्या शपथा घेतो, आणि डिझेल गेलं कुठे यावरून दोघांची जुंपते. अशा वेळी टाकीत वाकून बघण्याआधी टायरच्या बाजूला उठावात छापलेला मापाचा आकडा वाचावा. पूर्वी 10.00-20 होता आणि आता 11.00-20 दिसत असेल, तर ड्रायव्हर खरं बोलत असण्याची बरीच शक्यता आहे.

स्पीडोमीटर वेग मोजतो असं आपण म्हणतो खरं, पण त्याला रस्ता कधी दिसतच नाही. त्याला कळतात ते फक्त फेरे. बहुतेक ट्रकमध्ये गिअरबॉक्समधून मागे जाणारा शाफ्ट किती फिरला, एवढीच खबर त्याच्यापर्यंत पोचते. जुन्या गाड्यांत हे काम एक लवचीक केबल करायची. तिच्या टोकाला चुंबक गरगर फिरायचं आणि त्याच्याभोवती, त्याला न शिवता, अ‍ॅल्युमिनियमची छोटी वाटी असायची. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटी जिथे थबकते, तिथे काटा. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढची कित्येक दशकं जगभरातल्या गाड्या या वाटीवरच वेग दाखवत राहिल्या. आता केबलच्या जागी सेन्सर आला. शाफ्टवरचे दाते समोरून गेले की तो विजेचे ठोके पाठवतो आणि कॉम्प्युटर ते मोजतो. साधन बदललं, पण गणित शुल्झेच्या काळातलंच राहिलं: फेरे गुणिले टायरचा घेर.

यातला घेर मात्र कुणी मोजत नसतं. तो कारखान्यात एकदा ठरवून आत भरून ठेवलेला आकडा असतो. टायर बदलला तरी मीटर जुन्याच घेराने गुणत बसतो.

10.00-20 टायरचा बाहेरचा व्यास सुमारे 1055 मिलिमीटर आणि 11.00-20 चा सुमारे 1085. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं. फरक जेमतेम दीड पेराचा, टक्क्यांत जवळजवळ 3. म्हणजे मीटरवर 80 दिसत असताना ट्रक 82 च्या थोडा वर असतो. चूक टक्क्यांत असल्यामुळे गावातल्या 20 च्या वेगात ती जाणवत नाही आणि हायवेवर मोठी होते. छोट्या पिकअपमध्ये ती आणखी मोठी होऊ शकते. 215/75 आर 15 मापाचा टायर काढून 235/75 आर 15 बसवला तर हिशेबाने व्यास 703 वरून 733 मिलिमीटरवर जातो, म्हणजे 4 टक्क्यांहून जास्त फरक.

वेगातल्या दोन किलोमीटरने कुणाची झोप उडत नाही. पण तोच गणिती आकडा किलोमीटरही मोजत असतो. मुंबई ते दिल्ली साधारण 1400 किलोमीटर धरू. मोठ्या टायरवर मीटर 1360 च्या आसपास दाखवेल. डिझेल 350 लिटर लागलं असेल तर गाडीने लिटरला 4 दिले, वहीत मात्र 3.9 पण भरत नाहीत. महिन्याच्या चार-पाच खेपांना हा फरक धरा, की भांडणाचं कारण सापडतं.

गंमत अशी की काटा मुळातच प्रामाणिक नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी 39 क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्शाअधिक ताशी 4 किलोमीटरपर्यंत चालेल. खरा वेग 80 असताना 92 दिसले तरी पास! म्हणून कंपन्या काटा जरा पुढेच ठेवतात. (अमेरिकेत मालवाहू ट्रकला 50 मैलांना 5 मैल वर किंवा खाली, दोन्ही चालतं.) त्यामुळे थोडा मोठा टायर लावल्यावर काटा कधीकधी पूर्वीपेक्षा खरा होतो आणि असा पुढे न ठेवलेला किलोमीटरचा आकडा मात्र खोटा पडू लागतो.

टायर न बदलतासुद्धा हे घडत असतं, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात मजेदार वाटतो. नव्या टायरची नक्षी झिजून 12 मिलिमीटर कमी झाली की व्यास 24 मिलिमीटरने उतरतो, म्हणजे 2 टक्क्यांहून जास्त. टायर लहान, फेरे जास्त, म्हणून मीटर किलोमीटर वाढवून सांगतो. गुळगुळीत टायरवर अ‍ॅव्हरेज छान दिसतं आणि नवे टाकले की पडतं, त्यात या हिशेबाचाही वाटा असतो. रिमोल्ड केल्यावर, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवल्यावर, पुन्हा तेच. हवा कमी झाली की घेर खूप घटतो ही समजूत मात्र रेडियल टायरला फारशी लागू पडत नाही. त्याच्या पोटात स्टीलचा पट्टा असतो. टायर खाली दबला तरी पट्ट्याची लांबी तेवढीच राहते, रणगाड्याच्या साखळीसारखी. हवा कमी ठेवल्याने टायर तापून फुटेल, पण मीटर फारसा हलणार नाही.

पुढच्या टायरचं माप बदललं तर अशा ट्रकच्या मीटरला पत्ताही लागत नाही, कारण शाफ्ट फिरतो तो हौजिंगच्या, म्हणजे मागच्या, चाकांबरोबर. मागचे टायर मोठे झाले आणि स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरल्या वेगावर गाडी रोखणारं यंत्र, याच फेऱ्यांवर विसंबलेलं असेल तर तेही फसतं: 80 वर बांधलेला ट्रक 82 ने पळतो आणि गव्हर्नरला सगळं आलबेल वाटतं. युरोपात म्हणून टॅकोग्राफजवळ, म्हणजे ट्रकचा वेग आणि अंतर नोंदवणाऱ्या यंत्राजवळ, एक पट्टी लावलेली असते. तिच्यावर टायरचं माप आणि त्याचा प्रत्यक्ष घेर मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, आणि टायरचा घेर बदलला की यंत्र नव्याने जुळवावं लागतं. आपल्याकडच्या नव्या ट्रकमध्येही तो आकडा वर्कशॉपच्या स्कॅनरवरून बदलता येतो. केबलच्या गाड्यांत त्यासाठी छोटा गिअर बदलावा लागे.

तपासायला स्कॅनर लागत नाही. मोकळ्या हायवेवर काटा 60 वर धरायचा आणि शेजारी बसलेल्याने किलोमीटरच्या दगडांवरून 10 किलोमीटरचा वेळ घ्यायचा. 600 सेकंद लागले तर काटा खरा. 583 लागले तर ट्रक 62 च्या जवळ धावत होता. मग गाडी लोड करून सपाट जागी उभी करा, मागच्या टायरवर आणि खाली जमिनीवर खडूने खूण करा, टायरवरची खूण पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत गाडी पुढे घ्या, तिथे जमिनीवर दुसरी खूण करा आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर, म्हणजे टायरचा खरा घेर, टेपने मोजा. तो आकडा मालकाच्या वहीत, डिझेलच्या रकान्याशेजारी लिहून ठेवा.