सतरा वर्षांचा बाप आणि विसरभोळी पेशी

२००९ साली ‘१७ अगेन’ नावाचा एक हॉलिवुडी विनोदपट आला होता. ३७ वर्षांचा, संसार घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आलेला एक माणूस पुलावरून पाण्यातल्या भोवऱ्यात पडतो आणि १७ वर्षांचा होऊन बाहेर येतो. मग तो स्वतःच्याच मुलांच्या शाळेत नाव घालतो. वर्गमित्र म्हणून वावरताना आतला बाप मात्र गप्प बसत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. परवा तो पुन्हा पाहत होतो आणि योगायोगाने मोबाईलवर एक निरोप फिरत आला: ‘शास्त्रज्ञांनी वय ३० वर्षांनी उलटं फिरवलं!’ ययातीला तारुण्य हवं होतं तेव्हा निदान हिशेब तरी जुळत होता; पुरूने दिलं तेव्हा कुठे त्याला मिळालं. इथे तर सगळं फुकटातच!

पण त्या निरोपात काहीतरी खरं आहे, आणि ते चित्रपटापेक्षा रंजक आहे. चित्रपटातली खरी करामत शरीर तरुण होण्यात नाही. तरुण होऊनही तो माणूस ‘तोच’ राहतो, ही करामत आहे. बायको आठवते, मुलं आठवतात, सगळ्या चुका आठवतात. वय पुसलं गेलं, ओळख पुसली गेली नाही. पटकथेने हे एका भोवऱ्यात उरकलं. पेशीशास्त्र मात्र नेमकं याच प्रश्नाशी झुंजतं आहे.

आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींमध्ये डीएनए सारखाच असतो, हे शाळेत शिकलेलं असतं. मग यकृताची पेशी यकृताची का आणि त्वचेची त्वचेची का? हार्मोनियमचं उदाहरण घ्या. पट्ट्या सगळ्या पेट्यांत त्याच. पण कुठल्या पट्टीखाली कागदाची घडी सरकवून ती मुकी केली आहे, यावर त्या पेटीतून कोणता राग निघेल ते ठरतं. पेशीत अशा घड्या अनेक प्रकारच्या असतात. त्यातली मला सर्वांत आवडणारी म्हणजे मिथाइल गट: एक कार्बन, तीन हायड्रोजन. एवढीशी चीज, पण ती जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर दाटीने बसली की ते जनुक बहुधा गप्प होतं.

तिची बसण्याची जागाही ठरलेली आहे. डीएनएच्या साखळीत ‘सी’ या अक्षरानंतर लगेच ‘जी’ आलं, की त्या ‘सी’वर. माणसाच्या जनुकसंचात अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत. आता गंमत पाहा. डीएनएचे दोन धागे एकमेकांसमोर उलट दिशेने धावतात आणि ‘सी’समोर नेहमी ‘जी’ असतो. म्हणजे एका धाग्यावर ‘सी-जी’ असेल, तर समोरच्या धाग्यावर त्याच्या दिशेने वाचलं तरी ‘सी-जी’च निघतं! त्यामुळे मिथाइलची खूण दोन्ही बाजूंना मारता येते. पेशी विभागताना धागे सुटे होतात, प्रत्येक जुन्या धाग्यासमोर एक कोरा धागा विणला जातो, आणि डीएनएमटी१ नावाचं विकर (एन्झाइम) मागून चालत येतं. जुन्या धाग्यावर खूण दिसली, की नव्यावरही मारायची, एवढंच त्याचं काम. पेशीची ओळख पिढ्यान्‌पिढ्या टिकते, त्यात या कारकुनाचा मोठा वाटा.

कारकून म्हटला की चुका आल्याच. कुठे खूण राहून जाते, कुठे नको तिथे पडते. काही ठिकाणी मात्र हा बदल वयाबरोबर इतक्या शिस्तीत होतो की त्यावरून वय सांगता येतं. संशोधक स्टीव्ह होरवाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागा निवडून ‘घड्याळ’ बनवलं. रक्त असो, यकृत असो की मेंदू, निम्म्या नमुन्यांत त्याचा अंदाज ३.६ वर्षांपेक्षा कमी चुकतो. (हे घड्याळ कळल्यावर ‘तुमचं खरं वय सांगतो’ म्हणणारे आणि ‘डीएनए तरुण करणारी’ क्रीम विकणारे उगवले, यात नवल नाही. घड्याळ वय दाखवतं. काटा मागे ढकलला म्हणून दुपारची सकाळ होत नाही, आणि चेहऱ्याला काहीही चोपडलं तरी काटासुद्धा हलल्याचा पुरावा आधी मागावा.)

काटा मागे नेता येतो, हे दाखवलं जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी. २००६ मध्ये त्यांच्या गटाने २४ जनुकांच्या यादीतून एकेक वगळत अखेर चार शिल्लक ठेवली: ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक. ही चार उंदराच्या त्वचेच्या पेशीत चालू केली की ती गर्भावस्थेतल्या पेशीसारखी होते. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीतही हे जमलं. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. गर्डन यांनी १९६२ मध्येच बेडकाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक वापरून बेडकाची शेपटीवाली पिल्लं (टॅडपोल) वाढवता येतात हे दाखवलं होतं. आणि होरवाथ यांचं घड्याळ यामानाकांच्या पेशींना लावलं, तर वय येतं जवळपास शून्य!

मग अडलं कुठे? अडलं ओळखीवर. या पेशीला वय आठवत नाही, तसंच आपण त्वचेची पेशी आहोत हेही आठवत नाही. २०१३ मध्ये हीच चार जनुकं जिवंत उंदरांच्या शरीरात चालू केली, तेव्हा निरनिराळ्या अवयवांत गाठी झाल्या. एकाच गाठीत भलत्याच अवयवांच्या ऊती, सगळी सरमिसळ. त्यातून सी-मिक कर्करोगाशी संबंध असलेलं जनुक. चित्रपटाच्या भाषेत सांगायचं तर नायक भोवऱ्यातून १७ वर्षांचा होऊन नाही, एक निनावी गोळा होऊन बाहेर आला.

म्हणून भोवरा अर्ध्यावर थांबवायचा. २०१६ मध्ये अकाली वार्धक्य आणणारा दोष असलेल्या उंदरांना एक औषध पाण्यातून देऊन ही जनुकं दोन दिवस चालू आणि पाच दिवस बंद, अशी ठेवली. गाठी झाल्या नाहीत आणि उंदीर सुमारे ३० टक्के अधिक जगले. २०२० मध्ये सी-मिक वगळून उरलेली तीन जनुकं उंदराच्या डोळ्यात वापरली, तर चिरडलेल्या दृष्टिचेतेचे तंतू पुन्हा वाढले. मिथाइल खुणा पुसण्यात भाग घेणारी टेट नावाची विकरं काढून टाकली, की हा परिणाम नाहीसा होई. म्हणजे खुणा नुसत्या साक्षीदार नाहीत, निदान इथे तरी.

माझा सर्वांत आवडता प्रयोग २०२२ चा, केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतला. पूर्ण बदलाला साधारण ५० दिवस लागतात. त्यांनी १३ दिवसांत चारही जनुकं बंद केली. मधल्या काळात त्वचेच्या पेशी आपला अवतार सोडून बसल्या होत्या. पण सोडून दिल्यावर त्या पुन्हा त्वचेच्याच झाल्या, आणि घड्याळाने वय सुमारे ३० वर्षांनी कमी दाखवलं! मोबाईलवरचा तो निरोप बहुधा इथूनच निघाला असावा. फक्त त्यात ‘काचेच्या बशीतल्या पेशी’ हे शब्द गाळले होते.

बशीतून आख्ख्या बापाकडे यायचं तर आणखी एक अडचण. पुसायला खुणा हव्यात, खुणांना डीएनए हवा, डीएनएला पेशी हवी. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातल्या पेशींनी आपलं केंद्रक जन्माच्या सुमारासच टाकून दिलेलं असतं. तिथलं प्रथिन आयुष्यभर तेच. (‘दर सात वर्षांनी शरीर पूर्ण नवं होतं’ हे ऐकलं असेल, तर इथे खोडा.) दाताचं वरचं कवच बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत मरूनही गेलेल्या असतात. हाडांच्या टोकाशी वाढ घडवणारी कूर्चेची चकती एकदा हाडात रूपांतरित झाली, की तरुण करायला तिथे ती चकतीच नसते.

तेव्हा पटकथालेखकाला माझी एक सूचना आहे. या १७ वर्षांच्या बापाची दाढ दुखवा आणि त्याला दंतवैद्याकडे पाठवा. १७ व्या वर्षी अक्कलदाढेची मुळं सहसा पूर्ण झालेली नसतात. न्यायवैद्यकात मूल सज्ञान आहे का हे ठरवताना तीही पाहतात. क्ष-किरण चित्रात पूर्ण वाढलेली मुळं, शेजारी वीस वर्षांपूर्वी भरलेलं सिमेंट, आणि खुर्चीत बसलेला पोरगा मिसरूडही न फुटलेला.