ऑक्सिजन सुटला की पेशी लगेच विळ्यासारखी होते?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या माहितीपत्रकांत आणि शाळेच्या तक्त्यांवर एक वाक्य हमखास असतं: ऑक्सिजन सोडला की तांबडी पेशी लगेच वाकडी होते. यातला ‘लगेच’ चुकीचा आहे. तसं खरंच होत असतं, तर प्रत्येक फेरीत बहुतेक पेशी केशवाहिन्यांतच अडकल्या असत्या आणि रुग्ण जगलाच नसता.

हिमोग्लोबिन एसचे, म्हणजे या आजारातल्या सदोष हिमोग्लोबिनचे, रेणू ऑक्सिजन सुटल्यावर एकमेकांना चिकटून तंतू बनवतात, पण त्याआधी काही काळ काहीच घडताना दिसत नाही. पहिलं केंद्रक, म्हणजे तंतूची सुरुवात करणारा रेणूंचा छोटा पुंजका, जमणं अवघड असतं. ते जमलं की तयार तंतूच्या अंगावरच नवी केंद्रकं उगवतात आणि मग मात्र हिमस्खलन. हॉफरिक्टर, रॉस आणि ईटन या संशोधकांनी १९७४ साली हा विलंब मोजला. तो हिमोग्लोबिनच्या संहतीच्या (दाटपणाच्या) साधारण ३०व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलत होता! म्हणजे संहती १० टक्के वाढली, तर विलंब सुमारे सतरापट घटतो.

पेशी केशवाहिनीतून काही सेकंदांत बाहेर पडते. विलंब त्याहून मोठा असेल तर ती न वाकताच फुफ्फुसाकडे परतते. म्हणून नंदुरबार-गडचिरोलीत रुग्णांना भरपूर पाणी प्यायला सांगतात: पेशीतलं पाणी घटलं की आतली संहती वाढते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषधही वेळच मिळवून देतं. त्यामुळे वाढणारं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन तंतूंत नीट बसत नाही.