मोटरसायकलचा क्रूज आपोआप सुटतोय? गाडी आणण्याआधी हे वाचा

‘क्रूज लावतो, थोडा वेळ नीट चालतो आणि मग आपोआप सुटतो. सेन्सर गेलाय, बदलून टाका.’ क्रूजची (म्हणजे मूठ न पिळता ठरवलेला वेग टिकवणाऱ्या क्रूज कंट्रोलची) ही तक्रार आम्ही वर्कशॉपमध्ये इतक्यांदा ऐकली आहे की आता बिघाड शोधणारा स्कॅनर जोडायच्या आधी एकच विचारतो: क्रूज लागल्यावर तुमचा उजवा तळहात काय करत असतो?

कुठलं बटण कशासाठी हे तुम्हाला ठाऊक आहेच. अडतं ते मुठीपाशी.

आजच्या क्रूजवाल्या बहुतेक मोटरसायकलींत मूठ थेट थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणारी) झडप उघडत नाही. मूठ किती पिळली ते सेन्सर मोजतो, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) हिशोब करतो आणि झडप एक छोटी मोटर फिरवते. (मुठीतून केबल निघालेली दिसली म्हणून फसू नका. २००६ च्या यामाहा आर-सिक्सलाही केबल होत्या, झडप मात्र मोटरच फिरवायची.) क्रूज लागला की ईसीयूकडे दोन मागण्या येतात: ठरवलेला वेग टिकवायला लागणारी रेस आणि तुमच्या मुठीची रेस. जी जास्त, ती चालते. म्हणून ओव्हरटेकसाठी क्रूज काढावा लागत नाही. मूठ पिळा, पुढे जा, पीळ सोडा, गाडी आधीच्या वेगावर येते. फार वेळ जास्त वेगात राहिलात तर काही गाड्या क्रूज काढून टाकतात, तो बिघाड नाही. ‘मूठ आधी थोडी रिकामीच फिरते’ ही तक्रारही यातलीच. तुमची मागणी क्रूजच्या वर जाईपर्यंत गाडीला फरक पडण्याचं कारणच नाही.

आता मूळ मुद्दा. बऱ्याच गाड्यांत रेस पूर्ण सोडल्यावरही मूठ पुढच्या बाजूला आणखी काही अंश फिरते, स्प्रिंगचा हलका विरोध लागतो. ही जागा मुद्दाम ठेवलेली असते. दचकलेला माणूस मूठ झटकन पुढे फिरवतो आणि त्याच क्षणी क्रूज सुटायला हवा. पण निवांत बसलेल्या माणसाचंही खांदे उतरले, तळहात मुठीवर टेकला, रस्त्यात उंचवटा आला की अंगाचा भार मुठीवर येतो. मूठ तेवढीच पुढे सरकते आणि गाडी सांगितलेलं ऐकते. सेन्सर बिचारा शाबूत असतो.

म्हणून क्रूज लागला की हात सोडायचा नाही, पीळ सोडायचा. मूठ स्प्रिंगने जिथे येऊन थांबते तिथेच राहू द्या, पुढे रेटू नका. भार गुडघ्यांनी टाकीवर घ्या. उलट, मूठ सवयीने थोडी पिळूनच धरलीत तर उतारावर वेग उतरणार नाही, कारण जास्त मागणी तुमचीच. तळहाताखालची पट्टी किंवा मूठ जागच्या जागी आवळणारी क्लिप लावली असेल तर काढा. क्लिप मूठ धरते, वेग नाही.

दुसरा संशयित ब्रेक. बोटं लिव्हरवर असावीतच, पण ब्रेक धरण्याआधीच स्विच लागतो आणि क्रूज जातो. घरीच बघा: गाडी स्टँडवर, चावी चालू, नेहमीसारखी बोटं आणि बूट ठेवा. मागचा दिवा लागला का ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. लागत असेल तर कारण सापडलं. क्लच दाबल्यावरही क्रूज सुटतो, म्हणून क्लचच्या लिव्हरवर दोन बोटं दाबून चालवणाऱ्यांनी डाव्या हाताकडेही लक्ष द्यावं.

जाड ग्रिप किंवा फोम बाहेरून बसवून आणला असेल तर तो बारएंडला (हँडलच्या टोकाच्या वजनाला) घासतो का हे आम्ही सगळ्यात आधी तपासतो. घासणारी मूठ पूर्ण परत येत नाही, आणि हा प्रश्न क्रूजपुरता राहत नाही, गाडी वापरूच नये इतका गंभीर आहे.

‘गाडी ठेवून जा’ न म्हणता आम्ही तुम्हालाच ट्रायलला बरोबर घेतो, याचा काहींना वैताग येतो. पण आमच्या मेकॅनिकच्या हातात क्रूज सुटतच नाही. अर्धा दिवस जातो आणि निदान शून्य. स्कॅनरवर बिघाडाचा कोड नसताना सेन्सर बदलायला आम्ही नकार देतो. विकला असता तर धंदा झाला असता, पण पुढच्या आठवड्यात तुम्ही तीच तक्रार घेऊन परत आला असता. तपासणीचं बिल मात्र लागतं, कारण वेळ खरंच गेलेला असतो.

बरेचदा औषध साधं असतं: हँडल थोडं जवळ घेणं, लिव्हरचा कोन बदलणं, ब्रेकचा स्विच जुळवणं. स्विचची तपासणी आमच्या नेहमीच्या सर्व्हिसमध्येच होते. हँडल आणि लिव्हर तुमच्या अंगाला जुळवून हवे असतील तर वेळ ठरवून या. केबलने थेट झडप उघडणाऱ्या गाडीला सर्व्होचा (केबल ओढणाऱ्या यंत्राचा) क्रूज किटही बसवून देतो, मात्र ब्रेक आणि क्लच, दोन्हींचे कटऑफ (दाबताच क्रूज सोडणारे स्विच) जोडूनच. एक वाचवा म्हणालात तर काम घेत नाही.

येताना एवढं लिहून आणा: क्रूज सुटला तेव्हा वेग किती होता, गिअर कुठला, खड्डा होता का, आणि अर्थात उजवा तळहात.