कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करताना: पावडर, शंखप्रक्षालन आणि पहाटेचा डोस

दुर्बिणीपेक्षा आधी प्यायचं ते पाणीच नकोसं होतं, असं कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करून आलेले बरेच जण सांगतात. पावडरचं अख्खं पाकीट 2 लिटर पाण्यात, खारट-लिंबू चव, दर 10-15 मिनिटांनी एक ग्लास. मग साहजिकच विचारणा होते, त्यापेक्षा एरंडेल घेतलं तर? त्रिफळा? शंखप्रक्षालन?

पावडरमध्ये मुख्य असतं पॉलिइथिलीन ग्लायकॉल. त्याचे रेणू एवढे मोठे, की आतड्यातून ते रक्तात जवळपास जातच नाहीत आणि पाणी धरून ठेवतात. जोडीचे क्षार बेतानेच घातलेले असतात. त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगात न मुरता वाटेतला मळ घेऊन खाली उतरतं.

एरंडेल, सोनामुखी आतड्याला आकुंचन पावायला लावतात. बद्धकोष्ठाला ते ठीक. पण सुमारे दीड मीटरचं मोठं आतडं आरशासारखं स्वच्छ करायला एकटं एरंडेल किंवा त्रिफळा चूर्ण यांवर विसंबू नये. इसबगोल तर चोथा वाढवतो, म्हणून तो आधीच बंद करायचा. मॅनिटॉल या साखरेसारख्या रेचकाचा धोका वेगळाच. आतड्यातले जिवाणू त्यापासून हायड्रोजन बनवतात आणि पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) विजेच्या तारेने कापताना ठिणगीने स्फोट झाल्याच्या नोंदी आहेत.

शंखप्रक्षालनाला मात्र हसण्यावारी नेऊ नये. कोमट मिठाचं पाणी भराभर प्यायचं आणि मध्ये ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षणासन करायचं. पाणी शोषण्याच्या वेगापेक्षा पिण्याचा वेग जास्त, म्हणून ते पुढे ढकललं जातं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत कोमट खारं पाणी आणि क्रमाने शरीरस्थिती बदलणं ही पद्धत कोलोनोस्कोपीसाठी तपासलीही गेली. पण यातलं सोडियम अंगात मुरतं, पावडरसारखं निसटून जात नाही. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्याने घरच्या घरी हा प्रयोग करूच नये, असं माझं ठाम मत आहे. इतरांनीही तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

काय प्यायलं, याइतकंच कधी प्यायलं हेही महत्त्वाचं. रात्रभर लहान आतड्यातून पित्तमिश्रित रस उतरत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला थर धरतो. चपटे, नजरेतून सहज निसटणारे पॉलिप बऱ्याचदा तिथेच असतात. म्हणून अर्धा डोस संध्याकाळी आणि अर्धा तपासणीआधी 4 ते 6 तास. सकाळची वेळ असली की दुसरा डोस पहाटे येतो. सुरगाणा, पेठ किंवा बागलाणातून पहाटेच्या एसटीने नाशिकला येणाऱ्याने हा डोस घ्यायचा कसा? त्याने दुपारची वेळ मागून घ्यावी, नाहीतर आदल्या रात्री शहरात नातेवाइकांकडे उतरावं.

खाण्याचं पथ्य दोन-तीन दिवस आधीपासून पाळलेलं बरं: मिसळीतली मटकी, पेरू, सालीसकट द्राक्षं, डाळिंबाचे दाणे बंद. आदल्या दिवशी डाळिंबाचा किंवा बिटाचा रसही नको. आत तो रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा, चिकट होतो, त्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं, ते मात्र डॉक्टरच ठरवतील.

शौचाला पिवळसर पण आरपार दिसेल असं पाणी होऊ लागलं की तयारी झाली. अजून तपकिरी, गढूळ होत असेल तर टेबलवर जाण्याआधीच नर्सला सांगा. ऐन वेळी एनिमा देता येतो किंवा वेळ पुढे ढकलता येते.