जिप्सी उचलायची, पण शॅकलनं की पाट्यांनी?

जुनी मारुती जिप्सी इंचभर उचलली, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कशानं? शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक टांगणारी झुलती कडी, लांब करून की जास्त कमानीचे पाटे (लीफ स्प्रिंग) घालून? उभ्या गाडीकडे बघून फरक कळत नाही, चालवताना मात्र लगेच कळतो.

1985 पासून जिप्सीला पुढेमागे पाटेच. प्रत्येक पाट्याचं एक टोक चेसिसला पिनेत पक्कं, दुसरं शॅकलवर झुलतं. ॲक्सल साधारण मधोमध. म्हणून शॅकल 2 इंच लांब केली की गाडी जेमतेम 1 इंच वर येते. खर्च किरकोळ, त्यामुळे बहुतेक जण हेच करतात. पण एकच टोक खाली गेल्यानं पाटा कलतो आणि त्याला यू-बोल्टनं आवळलेला ॲक्सलही फिरतो. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला आहे, म्हणजे कॅस्टर, चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, कमी होतो. वळण संपलं तरी स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही, हायवेला गाडी भटकते. मागे डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याचं, तोंड वर वळतं. त्याला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन क्रॉसचे (टोकांच्या सांध्यांचे) कोन सारखे असतील तरच एकाचा झटका दुसरा खोडतो. ते बिघडले की सीटखाली थरथर सुरू. त्यात पिनेभोवतीचे रबरी बुश झिजलेले असतील तर लांब शॅकल आडवीही डुलते.

जास्त कमानीच्या पाट्यांनी ॲक्सल न फिरता गाडी वर येते. शाफ्ट तिरका होतो, पण दोन्ही कोन सारखेच राहतात. नुसता एक पाटा वाढवला तर मात्र गाडी कडक होते, आणि पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी चेसिस गंजलेली असेल तर तिथे तडा जायची भीती. तार-ब्रशनं घासून पाहिल्याशिवाय हे काम करू नये.

दोन्हीत ब्रेकचे होज ताणतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणारा दांडा) जुळवावी लागते. आणि डिफरन्शियल जमिनीपासून होतं तितकंच राहतं. ते फक्त मोठ्या टायरनं वर येतं.

माझं मत पाट्यांच्या बाजूनं. पण त्याआधी सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. जुन्या गाडीचे पाटे बसलेले असतात, बरेचदा ड्रायव्हरच्या बाजूला जास्त. तसं निघालं तर कंपनीच्या मापाचे नवे पाटे आणि बुश घाला. गेलेली उंची परत येते, आणि वर लिहिलेलं काहीच मागे लागत नाही.