धोशा की धास्ती?

गेल्या पावसाळ्यात बेळगावला, शहापुरात बहिणीकडे, एक वाटी फार गाजली. स्टीलची, कडेला चेपलेली, आणि तिच्यात दहीभात. भाचा तेव्हा सव्वादोन वर्षांचा. सकाळी दहीभात, दुपारी दहीभात, रात्री "भाऽत" म्हणत बोट थेट दह्याच्या भांड्याकडे. आमटीत भाकरी कुस्करून दिली की वाटी सरकवायचा. बहिणीच्या सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "पोरगं काय खाईना झालंय की ओ." खरं तर ते तिन्ही त्रिकाळ पोट टम्म होईपर्यंत जेवत होतं.

त्याच गल्लीत साडेतीन वर्षांचा आणखी एक मुलगा. त्यालाही एकच लागायचं: एकाच कंपनीचं बिस्कीट, तेही अखंड. कोपरा तुटलेला असला तरी रडारड. गल्लीचा निकाल ठरलेला होता, दोघंही लाडावलेत. मलाही आधी तसंच वाटलं. पण पहिला होता धोशा आणि दुसरी होती धास्ती. हे शब्द माझे, डॉक्टरांचे नव्हेत. धोशा लावलेल्या मुलाला एक गोष्ट हवीच असते. धास्ती घेतलेल्या मुलाला बाकीच्या गोष्टी झेपतच नाहीत.

ताटात बघून फरक कळत नाही, दोन्हीकडे एकच पदार्थ. तो कळतो उरलेल्या पदार्थांशी मूल कसं वागतं त्यावरून. भाचा स्वतःची भाकरी नाकारायचा, पण आजोबांच्या ताटातला तुकडा पळवायचा. भेंडी चोखून टाकून द्यायचा. खानापूरला आत्याकडे चार पोरांच्या पंगतीत अंबोळी खाऊन आला आणि घरी आल्या आल्या परत दहीभात. शेजारच्या मुलाच्या ओठाला वरण लागलं तरी उमासे यायचे, डोळ्यांत पाणी उभं राहायचं. भाजी शेजारी नुसती वाढली तरी तो उठून जायचा. "नखरे आहेत" म्हणणाऱ्यांनी ते उमासे एकदा जवळून बघायला हवे होते.

दुसरी खूण काळाची. धोशा दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा. एका सकाळी लाडक्या पदार्थाकडेही पाठ फिरते आणि सुटलेले पदार्थ हळूहळू परत येतात. धास्तीत यादी आकसत जाते. तो मुलगा दीड वर्षाचा असताना केळं, इडली, उप्पीट खायचा. एकेक करून तिन्ही गेली ती गेलीच. खाण्याचे पदार्थ मोजून विसाच्या आत आले, अख्खा गटच बंद झाला (सगळ्या भाज्या, किंवा मऊ लागणारं सगळं), वजन अडकलं, तर थांबू नये. वीस हा आकडा ढोबळच, पण मोजायला सोपा. अशा खाण्याच्या गंभीर प्रकाराला 2013 साली अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत सूचीत स्वतंत्र नाव मिळालं, आर्फिड. स्वमग्न मुलांत तो जास्त दिसतो, कधी घास घशात अडकल्यानंतरही सुरू होतो. अर्थात बिस्किटासाठी रडणारं प्रत्येक मूल त्यात बसत नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

धोशाचं मूळ मात्र साधं आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं. भूक कमी होणारच. त्याच सुमारास अनोळखी पदार्थाचा संशयही सुरू होतो. अमेरिकेत क्लारा डेव्हिस या डॉक्टरीणबाईंनी 1926 पासून काही वर्षं नुकत्याच अंगावरून सुटणाऱ्या बाळांपुढे पदार्थ मांडून त्यांचं त्यांना निवडू दिलं. एकूण 15 मुलं, 34 पदार्थ. मुलांनी धोशे लावले, एखाद्याने काही दिवस अंड्यांचाच सपाटा लावला, मग आपोआप सोडला. मुलं चांगली वाढली. यावरून "मुलाला सगळं कळतं" असं म्हणणारे यादी बघायला विसरतात. त्या 34 पदार्थांत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. बाईंनी स्वतःच म्हटलं होतं, खुबी यादीत आहे.

म्हणून धोशा लागला की यादी आपली, घास त्याचा. दहीभात द्यावा, पण शेजारी घरातल्यांचं थोडं काही वाढावं, चिमूटभर का होईना, आणि त्यावर चकार शब्द काढू नये. नवा पदार्थ बऱ्याचदा दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर स्वीकारला जातो. आपण तिसऱ्या वेळी "याला आवडत नाही" म्हणून मोकळे होतो. दहीभातातच एक दिवस किसलेलं गाजर, एक दिवस जिऱ्याची फोडणी. बहिणीने फक्त वाटी बदलली तर बोंबाबोंब झाली, तेव्हा एका वेळी एकच बदल. आणि "भाजी खा, मग कुंदा देते" हे आपल्याकडचं ब्रह्मास्त्र म्यान करावं. त्याने कुंद्याचा भाव वाढतो आणि भाजी शिक्षा ठरते.

धास्तीत यातलं बरंच चालत नाही. विशेषतः लपवाछपवी. बिस्किटात काही दडवलं आणि मुलाला ते कळलं, तर उरलेलं एकमेव विश्वासाचं खाणंही जातं. "उपाशी ठेवा, झक मारत खाईल" हा सल्ला तर इथे घातक. ते उपाशी राहील, पण खाणार नाही. अशा मुलाने नवा पदार्थ आधी नुसता बघायचा, मग हात लावायचा, हुंगायचा, जिभेचा नंबर फार उशिरा. हे बालरोगतज्ज्ञ आणि थेरपिस्टच्या देखरेखीखालीच व्हावं.

एक धोशा मात्र मी सोडून देणार नाही, दुधाचा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की बाकी भूक मरते, आणि दुधात लोह नगण्य. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या 67 टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. चेहरा पांढुरका दिसत असेल, मूल माती किंवा भिंतीचा चुना खात असेल तर रक्त तपासावंच.

दवाखान्यात आमच्याकडे कानडीत प्रश्न येतो, "ऊटा माडतानेन्री?" म्हणजे जेवतो का हो? सासूबाईंचं उत्तर तयार, "इल्लरी," नाही हो. एवढ्यावर टॉनिकची बाटली मिळते, दुसरं काय मिळणार? बहिणीने पुढच्या खेपेला दिनदर्शिकेचं पान फाडून नेलं. आठवडाभराच्या चौकटींत रोज काय काय पोटात गेलं ते, चोखून टाकलेल्या भेंडीसकट, आणि खाली अंगणवाडीतल्या तक्त्यावरची तीन महिन्यांची वजनं. डॉक्टरांनी पान वाचलं, वजनांवर बोट फिरवलं आणि भाच्याला खाली खेळायला सोडलं.